वीज पाणी पीत नाही, मग नदीचं काय बिघडतं?

काळी, शरावती, अघनाशिनी आणि आपली म्हादई

गेल्या हिवाळ्यात आमच्या मंडळातली सात-आठ कुटुंबं मिळून गणेशगुडीला सहलीला गेली होती. बेळगावहून खानापूर, लोंढा, रामनगर असा नेहमीचा रस्ता. मुलांना राफ्टिंग करायचं होतं. काठावर पोहोचलो, लाइफ जॅकेट चढवली, हेल्मेट बांधली आणि बसून राहिलो. समोर काळी नदी होती, पण पात्रातले खडक उघडे होते. राफ्टवाला म्हणाला, "वरून पाणी सोडलं की निघू." बऱ्याच वेळाने पाणी चढू लागलं, खडक झाकले गेले आणि राफ्ट निघाले. तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "म्हणजे नदीलाही टाइमटेबल असतं?"

आम्ही मोठी माणसं हसलो. परतीच्या वाटेवर मात्र त्या प्रश्नावरून गाडीत बराच वाद रंगला. कुणी म्हणालं, धरण नसतं तर डिसेंबरात राफ्टिंग तरी कसं झालं असतं? कुणी म्हणालं, वीज तयार करायला पाणी खर्च होत नाही, ते चक्रातून जातं आणि पुन्हा नदीतच येतं, मग बिघडलं कुठे? हा दुसरा प्रश्न आपल्या भागासाठी फार महत्त्वाचा आहे, कारण म्हादईवरच्या वीज प्रकल्पाचं समर्थनही नेमकं याच शब्दांत केलं जातं. त्याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. आपल्या दक्षिणेला, एकाच जिल्ह्यात, समुद्राला मिळणाऱ्या तीन नद्या ते उत्तर देतात.

काळी: जिथे सगळं करून झालं आहे

काळी नदी जोयडा तालुक्यात डिग्गीच्या परिसरात उगम पावते आणि साधारण १८० किलोमीटर वाहून कारवारजवळ समुद्राला मिळते. एवढ्या लहान नदीवर आज धरणांची साखळी आहे. गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचं सुपा धरण, त्याखाली बोम्मनहळ्ळीचा जलाशय, तिथलं पाणी नेऊन चालणारं नागझरीचं मोठं वीजघर, मग कोडसळ्ळी आणि शेवटी कद्रा. उपनदीवर तट्टीहळ्ळ धरण वेगळं. कद्रा जलाशयाच्या काठी कैगाचं अणुवीज केंद्र उभं आहे. पाण्यावरच्या सगळ्या वीजघरांची क्षमता मिळून १,२०० मेगावॉटच्या वर जाते. उत्तर कर्नाटकातले कारखाने, पंप आणि आपल्या घरातले दिवे यांत या विजेचा वाटा आहे, हे नाकारून चालणार नाही.

किंमतही सांगायला हवी. जुनं सुपा गाव आज सुमारे १४७ टीएमसी साठवणाऱ्या जलाशयाच्या तळाशी आहे. तालुक्याचं नावही सुपा होतं; गाव बुडालं, कचेरी जोयड्याला गेली आणि तालुका जोयडा झाला. विस्थापितांपैकी अनेकांना रामनगरला वसवलं. गोव्याला जाताना आपण ज्या रामनगरला चहाला थांबतो, ते मुळात धरणग्रस्तांचं गाव आहे. तिथे कानावर पडणारी कोकणी आणि मराठी ही बुडालेल्या गावांतून तिथे आलेली भाषा आहे. आपल्यापैकी काहींचे नातेवाईकही त्यात आहेत.

बुडीत क्षेत्र डोळ्यांना दिसतं. धरणाच्या खालच्या अंगाला काय होतं, ते सहज दिसत नाही. खरा प्रश्न तिथेच आहे.

'पाणी संपत नाही' याचा अर्थ

जलविद्युतचं तत्त्व सोपं आहे. पाणी उंचावर अडवायचं, बोगद्यातून किंवा मोठ्या नळातून खाली सोडायचं, त्याच्या जोराने टर्बाइन फिरवायचं. जितकं पाणी जास्त आणि जितकी उंची जास्त, तितकी वीज जास्त. सह्याद्रीत काही किलोमीटरच्या अंतरात नदी शेकडो मीटर खाली उतरते. म्हणून घाटमाथ्यावरची प्रत्येक नदी वीज अभियंत्याच्या नजरेत भरते.

टर्बाइनमधून गेलेलं पाणी खरोखरच नाहीसं होत नाही. म्हणून कागदोपत्री याला 'पाणी न संपवणारा वापर' म्हणतात. हिशेब लिटरमध्ये केला तर तो बरोबर आहे. पण नदी नुसत्या लिटरमध्ये मोजता येत नाही. ते पाणी कधी येतं, कुठे येतं आणि आपल्याबरोबर काय घेऊन येतं, यावर नदीकाठचं सगळं जगणं चालतं.

पहिली गोष्ट वेळेची. आपल्या नद्या पावसाळी आहेत. जून ते सप्टेंबर त्या दुथडी भरतात, मग उतरत जातात आणि एप्रिल-मेमध्ये डोहांपुरत्या उरतात. मासे, झाडं, खाडीतले जीव आणि शेतकरी यांनी हजारो वर्षांत याच चक्राशी जुळवून घेतलं आहे. पुराची चाहूल लागली की मासे वर चढतात आणि अंडी घालतात. धरण हे चक्र उलटं करतं. पावसाळ्यात पाणी कोंडून ठेवायचं, विजेची मागणी वाढली की सोडायचं. दिवसातही हेच होतं. संध्याकाळी दिवे लागले की पाणी वाढतं, मागणी उतरली की कमी होतं. गणेशगुडीला आम्ही ज्याची वाट पाहत बसलो होतो, ते हेच.

दुसरी गोष्ट गाळाची. पूर म्हणजे पाण्याबरोबर माती, वाळू आणि पालापाचोळा. धरणाच्या भिंतीमागे पाणी संथ होतं आणि गाळ खाली बसतो. टर्बाइनमधून सुटणारं पाणी त्या मानाने निवळ असतं. जी माती खाली शेतांना आणि खाडीला मिळायची, किनाऱ्याला जी वाळू मिळायची, ती जलाशयातच अडकते.

तिसरी गोष्ट वाटेची. धरण आणि वीजघर यांच्यामध्ये बोगदा असला की मधलं नदीचं पात्र वर्षातले बरेच महिने जवळजवळ कोरडं पडतं. पाणी नदीत परत येतं, पण काही किलोमीटर खाली. मधल्या गावांना त्याचा उपयोग नाही.

काही वेळा तर पाणी त्याच नदीत परत येतही नाही. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. कोयना ही कृष्णेची उपनदी, तिचं पाणी पूर्वेला जायला हवं. वीज प्रकल्पासाठी ते सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे वळवलं आहे आणि शेवटी वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळतं. कृष्णा तंट्यात या पश्चिमेकडे जाणाऱ्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घालावी लागली. १,९६० मेगावॉटच्या कोयनेने महाराष्ट्राला उजेड दिला हे खरं, पण कृष्णेच्या दृष्टीने ते पाणी संपलंच. उन्हाळ्यात कृष्णेचं पात्र आटतं तेव्हा चिकोडी, अथणीच्या लोकांसाठी कर्नाटक सरकार महाराष्ट्राकडे कोयनेतून पाणी सोडण्याची मागणी करतं, हे आपण दरवर्षी वर्तमानपत्रात वाचतो.

चौथी गोष्ट सुरक्षिततेची. वीज निर्मितीसाठी धरण शक्य तितकं भरलेलं ठेवावंसं वाटतं, कारण उंची म्हणजे वीज. पूर आवरायला मात्र धरणात रिकामी जागा लागते. या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये मुसळधार पावसात कद्रा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि कारवार तालुक्यातल्या काठच्या गावांत पाणी शिरलं. धरण आहे म्हणजे पूर येणार नाही, हा समज तिथल्या लोकांचा उरलेला नाही.

तिसऱ्या कुठे गेल्या?

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर स्वयंपाकघरातलं उदाहरण घेऊ. तिसऱ्यांचं सुकं आपल्यापैकी ज्यांच्या घरी होतं, त्यांना हे लगेच कळेल.

तिसऱ्या खाडीत वाढतात. त्यांना धड गोडं पाणी चालत नाही आणि धड खारंही नाही, मचूळ पाणी लागतं. पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी खाडी धुऊन काढतं. पुढे नदी उतरते, भरतीचं पाणी आत शिरतं आणि उन्हाळ्यापर्यंत खाडी खारट होत जाते. या दोन्हींच्या मेळावर तिसऱ्या, कालवं, कोळंबी आणि कितीतरी मासे जगतात.

आता उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या दोन खाड्या पाहू. होन्नावरला शरावती समुद्राला मिळते. जोगच्या धबधब्याची ही नदी. १९६४ मध्ये तिच्यावर लिंगनमक्की धरण झालं, मग खाली वीजघरं आणि गेरसोप्प्याचं धरण. वीज बारा महिने लागते, म्हणून गोडं पाणीही बारा महिने खाडीत उतरू लागलं. उन्हाळ्यात जेव्हा खाडी खारट व्हायची तेव्हाही वरून गोड्या पाण्याचा लोंढा सुरूच राहिला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी या खाडीची शेजारच्या खाडीशी तुलना केली, तेव्हा शरावतीच्या खाडीतला खारेपणा उतरलेला, माशांच्या जाती कमी झालेल्या आणि खाण्याच्या शिंपल्या जवळजवळ नाहीशा झालेल्या आढळल्या. त्यावर पोट असलेल्यांचा धंदा गेला.

हे नीट लक्षात घेतलं पाहिजे. शरावतीतलं पाणी कमी झालं नव्हतं. उन्हाळ्यात तर ते वाढलं होतं. नुकसान झालं ते चुकीच्या वेळी पाणी आल्यामुळे.

दुसरी खाडी थोड्याच अंतरावर आहे, कुमटा आणि गोकर्ण यांच्यामध्ये. ती अघनाशिनीची. सिर्सीजवळ उगम पावणारी ही नदी उंचळ्ळीला ११६ मीटरची उडी घेते आणि समुद्राला मिळेपर्यंत तिच्यावर एकही मोठं धरण नाही, वीजघर नाही. तिच्यावर प्रकल्प सुचवले गेले, पण झाले नाहीत. आजही ओहोटीच्या वेळी बायका-पुरुष खाडीत उतरतात आणि टोपल्या भरून तिसऱ्या काढतात. खाडीकाठच्या सखल शेतांत कग्गा नावाचं, खारं पाणी सोसणारं भात पिकतं. वरच्या जंगलात सिंहपुच्छ वानर आहेत आणि त्यांच्यासाठी २०११ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं. २०२४ मध्ये अघनाशिनीच्या खाडीला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळालं.

एकच समुद्र, एकच पाऊस, एकच जिल्हा. एका नदीवर वीजघरं आहेत, दुसरीवर नाहीत. 'वीज पाणी पीत नाही' या वाक्याचं खरंखोटं करायला यापेक्षा चांगली जोडी मिळणार नाही.

म्हादई: अजून ठरायचं आहे

म्हादई खानापूर तालुक्यात देगावजवळ उगम पावते. गोव्यात गेल्यावर तिचं नाव मांडवी होतं आणि पणजीला ती समुद्राला मिळते. तिचं खोरं सुमारे २,०३२ चौरस किलोमीटरचं आहे: त्यातलं १,५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात आणि ७७ महाराष्ट्रात. वर भीमगड अभयारण्य, खाली गोव्याचं म्हादई अभयारण्य. भीमगडच्या बारापेडे गुहांत जगात मोजक्याच ठिकाणी आढळणारं एक दुर्मीळ वटवाघूळ राहतं.

या नदीबद्दल बोलताना आमच्या मंडळात नेहमी अवघडल्यासारखं होतं. आपली मुलं हुबळी-धारवाडला शिकतात आणि नोकरी करतात, लेकी-सुना गोव्यात आहेत, कुलदैवतं गोव्यात आहेत आणि शेतं खानापुरात. म्हादईच्या वादात दोन्ही बाजूंना आपलीच माणसं आहेत. म्हणूनच वादातले दोन वेगळे धागे सुटे करून पाहणं गरजेचं वाटतं.

पहिला धागा कळसा-भांडुऱ्याचा. कणकुंबी परिसरातल्या ओढ्यांचं पाणी मलप्रभेकडे वळवायचं आणि हुबळी-धारवाडसह त्या भागाची तहान भागवायची, ही योजना. नरगुंद, नवलगुंदचे शेतकरी त्यासाठी २०१५ पासून आंदोलनाला बसले. सौंदत्तीजवळचा मलप्रभेचा जलाशय अनेक वर्षी भरत नाही, त्यांची अडचण खरी आहे. गोव्याची भीतीही खरी आहे.

दुसरा धागा कोटणीचा. याबद्दल वर्तमानपत्रांत फार कमी येतं. खानापूर तालुक्यातच म्हादईवर जलविद्युत प्रकल्प करण्याची कर्नाटकाची जुनी योजना आहे. म्हादई जलतंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला. त्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४ टीएमसी आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी मंजूर झालं. (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर.) कर्नाटकाच्या वाट्याची फोड पाहिली तर आश्चर्य वाटतं. कळशाला १.७२, भांडुऱ्याला २.१८, खोऱ्यातल्या वापराला १.५ आणि उरलेलं ८.०२ टीएमसी जलविद्युत प्रकल्पासाठी. ज्या पिण्याच्या पाण्यावरून दोन राज्यं भांडतात, त्याच्या दुप्पट आकडा विजेचा आहे. तो फारसा चर्चेत येत नाही, कारण तो 'न संपणारा' आहे.

कुणी म्हणेल, लवादाच्या हिशेबात सगळ्या खोऱ्याचं पाणी १८८ टीएमसी आहे, त्यातले आठ म्हणजे किती? पण १८८ हा आकडा पणजीपर्यंतच्या सगळ्या उपनद्या धरून आहे आणि त्यातलं बहुतेक पाणी चार महिन्यांत वाहून जातं. कोटणी वरच्या अंगाला, जंगलपट्ट्यात आहे. तिथे नदी अजून लहान आहे. त्या जागी अडवलेलं पाणी तिथल्या नदीसाठी थोडं नाही.

खाली गोव्यात मांडवीच्या काठी खाजणं आहेत. बांध घालून खाडीपासून राखलेली ही शेतं, मानशीची दारं भरती-ओहोटीनुसार उघडायची आणि मिटायची. पावसाळ्यात गोड्या पाण्यावर भात, नंतर खाऱ्या पाण्यावर मासळी. भरतीचं पाणी मांडवीतून गांज्यापर्यंत, समुद्रापासून जवळपास ५० किलोमीटर आत जातं. गोडं आणि खारं यांच्या मेळावर उभी असलेली ही व्यवस्था आहे. शरावतीच्या खाडीत जे घडलं ते इथे घडणार नाही, याची खात्री देणारा अभ्यास आधी लोकांसमोर यायला हवा.

गोव्याच्या बाजूनेही नदीला सगळं चांगलंच वागवलं गेलं आहे असं नाही. खाणींचा गाळ मांडवीत उतरला, बंधारे झाले, अंजुणेचं धरण म्हादईच्याच खोऱ्यात आहे. नदीची काळजी फक्त शेजारच्या राज्याने घ्यावी असं म्हणून चालत नाही. निवाड्यानंतर तिन्ही राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली, २०२३ मध्ये केंद्राने निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी 'प्रवाह' नावाचं प्राधिकरण नेमलं. पण म्हादईच्या मुख्य प्रवाहावर अजून मोठं वीज धरण नाही. काळीच्या बाबतीत जो विचार उशिरा सुचला, तो इथे वेळेवर करता येतो.

मुळशी, बेडती, सायलंट व्हॅली

धरण नको म्हणणं म्हणजे प्रगतीला विरोध, असं अनेकदा ऐकू येतं. हा वाद आपल्या भाषेत शंभर वर्षांपूर्वी झाला आहे. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने मुळशीला धरण बांधायला घेतलं तेव्हा मावळातली पन्नासेक गावं बुडणार होती. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी होते. याच लढ्यात बापट 'सेनापती' झाले. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला, माणसं तुरुंगात गेली, धरण मात्र झालंच. एक मोठं कारण असं की लढा उभा राहिला तेव्हा काम सुरू झालेलं होतं.

बेडती नदीची गोष्ट वेगळी झाली. मागोडचा धबधबा या नदीवर आहे. अघनाशिनीच्या उत्तरेला गंगावळी नावाने ती समुद्राला मिळते. १९८० च्या सुमारास तिच्यावर जलविद्युत प्रकल्प येणार होता आणि सिर्सी-यल्लापूर भागातल्या सुपारीच्या बागा त्यात जाणार होत्या. तिथल्या बागायतदारांनी नुसत्या घोषणा दिल्या नाहीत. त्यांनी आपल्या सहकारी संस्थेमार्फत शास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ आणि अभियंते बोलावले आणि सरकारचाच हिशेब तपासून घेतला. बुडणाऱ्या जंगलाची, बागांची आणि गाळाची किंमत धरली तर आकडे जुळेनात. प्रकल्प बाजूला पडला.

केरळात कुंतीपुळा नदीवर धरण होणार होतं. तिथेही शिक्षक, शास्त्रज्ञ आणि केरळ शास्त्र साहित्य परिषदेचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन आकडे समजावत राहिले. प्रकल्प रद्द झाला आणि १९८४ मध्ये सायलंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं.

पुढे २०११ मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पश्चिम घाटाचा अहवाल दिला, त्यात सर्वात संवेदनशील पट्ट्यात नवी मोठी साठवण धरणं नकोत अशी शिफारस होती. त्यानंतर दुसरी समिती आली, मसुद्यांवर मसुदे निघाले. अमेरिकेत १९६८ पासून मुक्त वाहणाऱ्या नद्या राखण्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. २०२३ मध्ये अल्बानियाने व्योसा नदीला तिच्या उपनद्यांसह राष्ट्रीय उद्यान केलं. आपल्याकडे जंगलाला, वाघाला संरक्षण आहे, पण 'ही नदी अशीच वाहू द्यायची' असं सांगणारा कायदा नाही. म्हणून आपल्या नद्या वाचतात त्या अभयारण्याच्या आडोशाने, न्यायालयाच्या आदेशाने किंवा बेडतीसारख्या सावध लोकांमुळे.

मग वीज कुठून आणायची?

हा प्रश्न टाळता येणार नाही. पंखा आपल्यालाही लागतो. आणि भीमगडच्या जंगलातल्या ज्या वाड्यांना अजून पक्का रस्ता आणि पूल मिळालेला नाही, त्यांना 'नदी वाचवा' सांगण्यापूर्वी आपण दहादा विचार करायला हवा.

आमचं म्हणणं एवढंच आहे की पाण्याची आणि विजेची तुलना करताना पर्याय पाहावेत. पिण्याच्या पाण्याला पर्याय शोधणं कठीण असतं. विजेला आज पर्याय आहेत. कर्नाटकातच पावगड इथे सुमारे २,००० मेगावॉटचं सौर उद्यान आहे. अडचण रात्रीची, कारण सूर्य मावळल्यावर मागणी वाढते. त्यासाठी वीज साठवावी लागते. एक मार्ग मोठ्या बॅटऱ्यांचा, दुसरा 'पंप्ड स्टोरेज'चा: दोन तळी, एक वर, एक खाली. दिवसा सौर विजेने पाणी वर चढवायचं, रात्री ते खाली सोडून वीज घ्यायची. ही तळी नदीपासून दूर असतील तर नदीला त्रास कमी. जंगलातल्या जलाशयांना जोडणारी असतील तर पुन्हा तेच प्रश्न उभे राहतात. शरावतीच्या खोऱ्यात २,००० मेगावॉटच्या अशाच प्रकल्पाला सध्या विरोध होतो आहे. म्हणजे नाव नवं असलं तरी प्रकल्प कुठे आहे, हे विचारायलाच हवं.

घरापुरतंही काही करता येतं. २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत छतावरच्या तीन किलोवॉट किंवा अधिकच्या सौर संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. मंडळाच्या काही सभासदांनी संच बसवले आहेत, त्यांचा अनुभव विचारायला हरकत नाही.

मंडळ काय करू शकतं?

आपलं मंडळ सांस्कृतिक आहे. मोर्चे काढणं आपलं काम नाही, आणि कुठल्या राज्याची बाजू घेणंही नाही. तरी तीन गोष्टी आपल्याला सहज जमतील आणि बहुधा आपल्यालाच जमतील.

एक, भाषेची. २५ मेगावॉट किंवा त्याहून मोठ्या जलविद्युत प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते आणि त्याआधी साधारणपणे जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना ३० दिवस आधी निघते आणि अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि राज्याच्या भाषेत उपलब्ध करावा लागतो. लेखी हरकत किंवा सूचना कुणालाही पाठवता येते. खानापूरच्या जंगलातल्या अनेक गावांत म्हातारी माणसं मराठीच वाचतात. उद्या कोटणीची किंवा दुसऱ्या कुठल्या प्रकल्पाची सुनावणी लागली तर तो सारांश मराठीत करून गावात वाचून दाखवणं आपण करू शकतो. बाजूने बोलायचं की विरोधात, ते गाव ठरवेल. वाचल्याशिवाय मात्र कुणी अंगठा देऊ नये.

दोन, आठवणींची. जुनं सुपा पाहिलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीची आहे. बाजार कुठे भरायचा, जत्रा कधी व्हायची, नदी उतरल्यावर मुलं कुठल्या डोहात पोहायची, हे रामनगरच्या आणि आपल्या घरांतल्या आजी-आजोबांकडून ध्वनिमुद्रित करून ठेवायला हवं. धरणाचा हिशेब मांडताना हा रकाना नेहमी कोरा राहतो.

तीन, पाहण्याची. पुढची सहल गणेशगुडीऐवजी अघनाशिनीच्या खाडीवर काढावी असं ठरतं आहे. ओहोटीची वेळ पंचांगात तिथी पाहून काढता येते. मुलांना तिसऱ्या काढणाऱ्या मावशींशी बोलता येईल आणि त्यांच्याच टोपलीतून घरी नेताही येतील.

त्या सातवीतल्या मुलीला अजून नीट उत्तर द्यायचं राहिलं आहे. नदीला वेळापत्रक असतं, पूर्वीही होतं. ते पावसाने आणि चंद्राने लावलेलं होतं आणि त्यावर मासे, भात आणि माणसं चालत होती. काळीवर आणि शरावतीवर ते आपण बदललं. अघनाशिनीवर ते अजून तसंच आहे. म्हादईवर काय करायचं, हे ठरेल तेव्हा ती मुलगी मतदार झालेली असेल. तिच्या हाती तोवर सगळे आकडे आणि दोन्ही खाड्यांची गोष्ट असावी, म्हणून हे लिहिलं. खानापूर, जोयडा किंवा गोव्यातल्या सभासदांकडे जुने फोटो, कागद किंवा आठवणी असतील तर त्यांनी मंडळाकडे जरूर पाठवाव्यात.